बार्शीच्या गच्चीवर उतरलेला सेकंडहँड उपग्रह

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.)

गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या केबलवाल्याच्या गच्चीवरून ती मोठी जाळीची डिश खाली उतरवली. बारा फुटी. आपल्याकडं तिला छत्री म्हणायचे. गेली कित्येक वर्षं तिचा उपयोग उन्हाळ्यात कुरडया झाकायला आणि एरवी कबुतरांना बसायला, एवढाच उरला होता. भंगारवाला आला, चार माणसांनी दोरीनं खाली घेतली, ॲल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं, काट्यावर ठेवली, हिशोब झाला, संपलं.

केबलवाले काका (नाव लिहीत नाही, ते ही पोस्ट वाचणार आहेत) म्हणाले, "पत्रकार, फोटो काढून ठेवा. या छत्रीनं अख्ख्या गावाला जग दाखवलं."

मी विचारलं, "काका, ही नेमकी कुठं बघत होती हो एवढी वर्षं?"

"हाँगकाँगकडं," ते म्हणाले.

तसं नव्हतं. छत्रीचं तोंड होतं आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर. तिकडं सरळ रेघ मारली तर सुमारे ३७ हजार किलोमीटरवर, सिंगापूरच्या जरा पुढं, विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर एक पिंपाच्या आकाराची वस्तू होती. तिचं नाव आशियासॅट-१. आपल्या पिढीच्या जेवणाच्या वेळा, कपडे, भाषा, क्रिकेट, राजकारण सगळं ज्या वस्तूमुळं बदललं ती हीच. आणि गंमत म्हणजे ती वस्तू नवीन नव्हती. एकदा आकाशात जाऊन वाया गेलेली, परत जमिनीवर आणलेली, धुऊनपुसून विकलेली, दुसऱ्याच देशाच्या रॉकेटमधून पुन्हा वर पाठवलेली होती. आपण मोटरसायकल घेताना पहिली की दुसरी मालकी विचारतो. आपलं जग बदलणारा उपग्रह दुसऱ्या मालकीचा होता, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

ती गोष्ट आज सांगतो. ती नुसती गंमत नाही, शेवटी आपल्या गावाच्या एका प्रश्नापाशी येते.

एका जागी उभा दिसणारा उपग्रह

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका.

ज्यांनी खळं पाहिलंय त्यांना लगेच कळेल. मधे तिवडा, त्याला बांधलेली बैलांची पात गोल फिरते. तिवड्याजवळचा बैल हळू चालतो, कडेचा भराभर चालतो, पण रांग मोडत नाही. आतल्या बैलाला बाहेरचा बैल कायम आपल्या शेजारीच दिसतो. पृथ्वी आणि भूस्थिर उपग्रहाचं तसंच आहे. बार्शी पृथ्वीबरोबर फिरते आणि विषुववृत्तावर ३५ हजार ७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं तेवढ्याच वेळात फेरी मारतो. म्हणून तो आपल्याला एका जागी खिळल्यासारखा दिसतो. छत्री एकदा त्याच्याकडं वळवून नटबोल्ट आवळले की झालं, रोज हलवायला नको.

ही उंची आपण ठरवलेली नाही, निसर्गानं दिलेली आहे. यापेक्षा खाली उपग्रह पुढं पळतो, यापेक्षा वर गेला तर मागं पडतो. म्हणजे आकाशात असा पट्टा एकच आहे. इंग्लंडच्या आर्थर क्लार्क नावाच्या लेखकानं १९४५ साली एका वायरलेसच्या मासिकात लिहून ठेवलं होतं, की या पट्ट्यात तीन ठिकाणी केंद्रं ठेवली तर जवळपास अख्ख्या पृथ्वीवर संदेश पोचतील. वीस वर्षांनी, ६ एप्रिल १९६५ ला, अमेरिकेतून 'अर्ली बर्ड' उपग्रह सुटला. पैसे घेऊन सेवा देणारा, म्हणजे व्यापारी कामाचा, हा पहिला भूस्थिर उपग्रह. त्याची ताकद किती? एकाच वेळी २४० टेलिफोन संभाषणं, किंवा एक टीव्ही चॅनेल. बस.

पट्टा एकच म्हटल्यावर भांडण आलंच. अंतराळावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही, असा करार १९६७ ला झाला. तरी १९७६ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात विषुववृत्तावरच्या आठ देशांनी जाहीर केलं, की आमच्या डोक्यावरचा पट्ट्याचा तुकडा आमचा. जगानं ते मान्य केलं नाही. आकाशाचा सातबारा कुणाच्या नावावर निघाला नाही. पण जागा मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नोंदीतून मिळतात, आणि ज्याच्याकडं पैसा नि रॉकेट तो तिथं जाऊन बसतो.

आपली सुरुवात उसनवारीची

भारतानं उपग्रहाचा टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो उसन्या उपग्रहावर. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेनं आपला एटीएस-६ उपग्रह भारताला वापरायला दिला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही बसवले. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम दाखवले. विक्रम साराभाईंचं ते स्वप्न होतं, ते मात्र बघायला राहिले नव्हते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. वर्ष संपलं, अमेरिकेनं उपग्रह परत नेला, खेडी पुन्हा अंधारात.

मग १९८१ चा ॲपल, तोच तो बैलगाडीवर ठेवलेल्या फोटोतला. मग एप्रिल १९८२ मध्ये इन्सॅट-१ए, तो काही महिन्यांत निकामी झाला. मग ३० ऑगस्ट १९८३ ला अमेरिकेच्या 'चॅलेंजर' शटलमधून इन्सॅट-१बी गेला आणि तो चालला. त्याच्या जिवावर १९८४ मध्ये दूरदर्शननं देशभर धडाधड लहान टॉवर उभे केले, रोज एक असा वेग होता. 'हम लोग', 'रामायण', रविवारचा मराठी पिक्चर आपण पाहिला तो या सरकारी उपग्रहामुळं. एक देश, एक सरकार, एक चॅनेल. आवडो न आवडो, चॅनेल बदलायचं बटण टीव्हीला होतं, पण बदलून जायचं कुठं?

आकाशात वाया गेलेले दोन उपग्रह

आता खरी गोष्ट. इन्सॅट-१बी गेला त्यानंतर पाचच महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १९८४ ला, तेच चॅलेंजर शटल पुन्हा उडालं. त्यात दोन व्यापारी उपग्रह होते. एक अमेरिकेच्या वेस्टर्न युनियन कंपनीचा वेस्टार-६. दुसरा इंडोनेशियाचा पालापा-बी२. दोन्ही ह्यूज कंपनीनं बनवलेले, एकाच साच्यातले, सव्वादोन मीटर रुंदीच्या गोल पिंपासारखे.

शटल स्वतः काहीशे किलोमीटरपर्यंतच जायचं. तिथून ३६ हजारांपर्यंत जायला उपग्रहाच्या बुडाला एक मोटर बसवलेली असायची. तशाच मोटरनं आपला इन्सॅट-१बी वर गेला होता. वेस्टारची मोटर पेटली आणि काही सेकंदांतच बंद पडली. उपग्रह धड खाली नाही, धड वर नाही. गोत्यात अडकलेल्या गाडीसारखा भलत्याच कक्षेत फिरत राहिला.

इंडोनेशियाचे लोक विचारात पडले. सोडायचा की थांबायचं? तीन दिवस खल झाला आणि ६ फेब्रुवारीला पालापा सोडला. त्याचंही तेच झालं.

दोन्ही उपग्रहांचा विमा होता. विमा कंपन्यांनी दोन्ही मिळून सुमारे १८ कोटी डॉलर भरले. आणि विम्याचा नियम जगभर एकच: अपघातातल्या ट्रकचे पूर्ण पैसे दिले की ट्रक विमा कंपनीचा. तसे हे दोन उपग्रह आता विमावाल्यांचे झाले. आकाशात फिरणारं भंगार. उपग्रह धडधाकट होते, फक्त चुकीच्या जागी होते. विमावाल्यांनी नासाला विचारलं, परत आणून देता का? आम्ही पैसे देतो.

याआधी असं कुणीच केलं नव्हतं.

जमिनीवरून आज्ञा देऊन दोन्ही उपग्रह हळूहळू खाली, शटलच्या आवाक्यात आणले. ८ नोव्हेंबर १९८४ ला 'डिस्कव्हरी' शटल उडालं. रिक हॉक कमांडर, डेव्हिड वॉकर पायलट, सोबत जो ॲलन, डेल गार्डनर आणि ॲना फिशर. ॲलन आणि गार्डनर पाठीवर जेटचा पट्टा बांधून शटलच्या बाहेर पडले. उपग्रहाच्या बुडाच्या नळीत एक लांब दांडा घालायचा, तो आत छत्रीसारखा उघडायचा, उपग्रहाचं फिरणं थांबवायचं आणि मग आत बसलेली ॲना फिशर यांत्रिक हातानं त्याला पकडणार, असा बेत.

१२ नोव्हेंबरला पालापा धरला. पण त्याला धरायला जी चौकट नेली होती ती बसेना. मग जो ॲलननं अर्धा टन वजनाचा तो उपग्रह दीड तासाच्या आसपास नुसत्या हातांनी धरून ठेवला. तिथं वजन लागत नाही हे खरं, पण एवढी अवजड वस्तू एकदा हलली की थांबवणं सोपं नाही. त्या वेळात शटलनं पृथ्वीला जवळपास एक फेरी मारली. दोन दिवसांनी वेस्टार धरला. काम झाल्यावर दोघांनी गमतीनं एक पाटी हातात धरून फोटो काढला: 'विकणे आहे'.

तो फोटो जगभर छापून आला. त्यातली पाटी विनोद नव्हती, ती जाहिरातच होती.

गिऱ्हाईक हाँगकाँगचं, रॉकेट चीनचं

१६ नोव्हेंबरला डिस्कव्हरी उतरलं. अवकाशात सोडलेले उपग्रह उचलून परत जमिनीवर आणायची ही पहिलीच वेळ. आता गिऱ्हाईक शोधायचं.

मधे २८ जानेवारी १९८६ आला. चॅलेंजर, ज्यानं आपला इन्सॅट आणि हा वेस्टार दोन्ही वर नेले होते, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सातही जण गेले. त्यानंतर अमेरिकेनं ठरवलं, की शटलमधून व्यापारी उपग्रह न्यायचे नाहीत. जगभरात उपग्रह तयार, पण न्यायला गाडी नाही, अशी टंचाई झाली. चीननं ही संधी साधली. आमचं 'लाँग मार्च' रॉकेट आहे, स्वस्तात नेऊ.

१९८८ मध्ये हाँगकाँगला 'आशियासॅट' कंपनी निघाली. तीन भागीदार: ब्रिटनची केबल अँड वायरलेस, हाँगकाँगची हचिसन आणि चीन सरकारची सिटिक. म्हणजे साहेब, शेठ आणि कम्युनिस्ट, तिघांची पार्टनरशिप. त्यांनी जुना वेस्टार-६ घेतला. ह्यूजनं तो दुरुस्त करून दिला, नाव ठेवलं आशियासॅट-१.

पण अमेरिकन उपग्रह चीनमध्ये न्यायचा तर अमेरिकेच्या सरकारची परवानगी पाहिजे. रेगन सरकारनं १९८८ मध्ये हो म्हटलं. आणि जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात रणगाडे आले. विद्यार्थी मारले गेले. अमेरिकेनं चीनवर निर्बंध लावले, उपग्रहाचं काम अडकलं. सहा महिन्यांनी, डिसेंबर १९८९ मध्ये, अध्यक्ष बुश यांनी अपवाद करून परवानगी दिली. टीका झाली, पण धंदा थांबला नाही.

७ एप्रिल १९९० च्या रात्री, चीनच्या सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून लाँग मार्च-३ रॉकेट उडालं. चीननं पैसे घेऊन सोडलेला हा पहिला परदेशी उपग्रह. सहा वर्षांपूर्वी फ्लोरिडातून निघालेला तो पिंप अखेर आपल्या जागेवर पोचला, १०५.५ अंश पूर्व रेखांशावर. गंमत अशी, की त्याचा भाऊ पालापासुद्धा त्याच महिन्यात दुसऱ्या रॉकेटनं पुन्हा वर गेला आणि चालू लागला.

आशियासॅट-१ वर २४ ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे सोप्या भाषेत गाळा. खालून संदेश घ्यायचा, वारंवारता बदलायची, ताकद वाढवायची आणि परत खाली पाठवायचा. एवढंच काम. मार्केट यार्डातले गाळे भाड्यानं देतात तसे हे गाळे भाड्यानं द्यायचे. त्याची सावली, म्हणजे संदेश पडायचा तो भाग, पश्चिम आशियापासून जपानपर्यंत. त्या सावलीत बार्शीही आली. बार्शीला कुणी विचारलं नव्हतं.

आलं का रं चित्र?

हचिसनच्या ली का-शिंग यांच्या घरानं या उपग्रहावर १९९१ मध्ये 'स्टार टीव्ही' सुरू केला. सुरुवातीला पाच चॅनेल: खेळ, एमटीव्ही, बीबीसी, इंग्रजी करमणुकीचं स्टार प्लस आणि एक चिनी. भारत त्यांच्या डोळ्यांपुढं फारसा नव्हता. पण त्याच वर्षी जानेवारीत आखाती युद्ध मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत सीएनएनवर थेट दिसलं होतं आणि छत्री बसवली की परदेश दिसतो हे गल्लीतल्या हुशार पोरांना कळलं होतं. व्हीसीआर लावून चाळीत, गल्लीत वायरनं पिक्चर दाखवणारे आधीपासून होतेच. त्यांनी फक्त व्हीसीआरच्या शेजारी छत्री उभी केली.

मी तेव्हा सहावी-सातवीत. काकांच्या गच्चीवर छत्री बसली तो दिवस मला लख्ख आठवतो. एक जण वर छत्री हलवतोय, एक जण जिन्यात, मी खाली टीव्हीसमोर.

"आलं का रं चित्र?"

"आलं, आलं... गेलं!"

"आता?"

"मुंग्या!"

असं दोन तास. मग अचानक पडदा स्वच्छ झाला आणि गोरी माणसं मोठ्या बंगल्यात एकमेकांशी काहीतरी गंभीर बोलताना दिसली. आजी म्हणाली, "हे काय म्हणतायत?" कुणालाच कळत नव्हतं. तरी सगळे बघत बसलो. जेवण त्या दिवशी उशिरा झालं. त्यानंतर आमच्या घरात जेवण वेळेवर कधी झालंच नाही.

ऑक्टोबर १९९२ मध्ये त्याच उपग्रहावरचा एक गाळा घेऊन सुभाष चंद्रा यांनी झी टीव्ही सुरू केला. हिंदी. आता आजीलाही कळायला लागलं. कायद्यानं खाजगी माणसाला भारतातून उपग्रहाकडं संदेश पाठवता येत नव्हता, म्हणून कार्यक्रमांच्या टेप विमानानं हाँगकाँगला जायच्या आणि तिथून वर जाऊन परत आपल्याकडं पडायच्या. मुंबईत शूटिंग, हाँगकाँगला टेप, ३६ हजार किलोमीटर वर, ३७ हजार किलोमीटर खाली, आणि मग बार्शीत 'तारा'. पुण्याची एसटी पकडण्यापेक्षा लांबचा प्रवास.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. तमिळ आणि मल्याळी खाजगी चॅनेल १९९३ मध्येच सुरू झाले. अल्फा मराठी आलं १५ ऑगस्ट १९९९ ला. मधली सहा वर्षं आपण मराठी माणसांनी दूरदर्शन सोडलं तर दुसऱ्यांच्या भाषेत टीव्ही बघितला. आज पोरं घरात हिंदीत चिडतात, त्याचं खापर मोबाईलवर फोडू नका. सुरुवात त्याआधीची आहे.

कायदा मागून आला

आता मुद्द्याकडं येतो.

हे सगळं झालं तेव्हा देशात कायदा कुठला होता? १८८५ चा टेलिग्राफ कायदा. इंग्रजांचा. तार, वायरलेस सगळं सरकारच्या ताब्यात, असं सांगणारा. त्यात छत्री नव्हती, कारण तेव्हा विमानही नव्हतं. लाखो घरांत केबल गेली, गल्लीतले खांब वायरींनी भरले, आणि दिल्ली बघत राहिली. केबलचा कायदा आला १९९५ ला, म्हणजे उपग्रह उडाल्यावर पाच वर्षांनी. त्यात ठरलं काय, तर केबलवाल्यानं मोठ्या पोस्ट ऑफिसात नोंदणी करायची. काकांकडं ते पोस्टाचं प्रमाणपत्र अजून आहे, फ्रेम करून. आकाशाचा कारभार पोस्टाच्या खिडकीवर.

त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. प्रकरण क्रिकेटचं, १९९३ च्या हिरो कपचं. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी भांडण लागलं. निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्या निकालाचा गाभा असा: हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारची नाही, आणि पैसेवाल्यांचीही नाही. त्यांचा वापर लोकांच्या भल्यासाठी व्हावा, आणि त्यावर समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणारी स्वतंत्र संस्था सरकारनं नेमावी.

त्याला तीस वर्षं झाली. १९९७ मध्ये प्रसारण विधेयक संसदेत आलं, बारगळलं. २००४ पासून केबलचे दर नि जोडण्या ट्रायकडं गेल्या. २०२३ ला नवा मसुदा आला, त्यावर वाद झाला. न्यायमूर्ती सावंतांनी सांगितलेली ती स्वतंत्र संस्था मात्र आजही नाही. लहरी जनतेच्या आहेत हे कागदावर आहे. जनतेला त्याचा पत्ता नाही.

आमच्या गावाचं काय झालं

केबलनं वाईटच केलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः पत्रकारितेची पदविका घेतल्यावर पहिली नोकरी केली ती गावच्या केबलवरच्या लोकल बातम्यांत. रोज संध्याकाळी अर्धा तास. नगरपालिकेची सभा, मार्केट यार्डातले ज्वारी-तुरीचे भाव, कुणाचं निधन, कुठं पाणी आलं नाही. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. पण लोक थांबून बघायचे. नगरसेवक घाबरायचे. सभेत कोण झोपला होता ते संध्याकाळी अख्ख्या गावाला दिसायचं. हे दूरदर्शननं कधी दिलं नव्हतं, स्टारनं नाही, झीनं नाही. ते दिलं त्याच वायरीनं, गल्लीतल्या माणसानं.

मग डिजिटल आलं. २०१२ ला मोठ्या शहरांत, २०१७ पर्यंत आमच्यासारख्या गावांत. सेटटॉप बॉक्स बसले, चित्र स्वच्छ झालं. पण आता सिग्नल काकांच्या गच्चीवरून नाही, लांबच्या शहरातल्या मोठ्या कंपनीकडून यायला लागला. लोकल चॅनेल चालवायचं तर त्या कंपनीला पैसे भरायचे. आमच्यानं झालं नाही. एका संध्याकाळी आमच्या बातम्या बंद झाल्या. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी निवेदन दिलं नाही. आता गावची सभा कुणाला दिसत नाही. तिथं काय मंजूर होतं ते तुम्हाला रस्ता उकरला की कळतं.

'बार्शी तिथे सरशी' म्हणतो आपण. आणि बाहेरची कंपनी आपल्याला नवीन नाही. बार्शी लाईट रेल्वेची कंपनी लंडनला नोंदलेली होती, १८९७ ला गाडी आली. तीही आपल्याला विचारून आली नव्हती. पण रूळ जमिनीवर होते, स्टेशन डोळ्यांसमोर होतं, भांडायला स्टेशनमास्तर होता. आणि १९५४ ला ती सरकारनं विकत घेतली, म्हणजे आपली झाली. उपग्रहाचं तसं नाही. त्याचं स्टेशन ३७ हजार किलोमीटरवर, तक्रार कुणाकडं करणार?

आता पुढची छत्री

हे सगळं आज का लिहितोय? नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. उपग्रहावरून इंटरनेट. सुरुवातीच्या जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपल्या शेजारचा धाराशिव. हे उपग्रह भूस्थिर नाहीत, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास हजारोंनी फिरतात, एक मावळला की दुसरा उगवतो. छत्री आता ताटाएवढी. डोंगरातल्या शाळेला, दवाखान्याला इंटरनेट मिळणार असेल तर मिळालंच पाहिजे. मी विरोधात नाही.

माझं म्हणणं एवढंच. १९९० ला उपग्रह आधी आला, धंदा पाठोपाठ आला, कायदा पाच वर्षांनी आला आणि लोकांना विचारायचं राहूनच गेलं. या वेळी तरी आधी विचारा. दर काय? गावातल्या केबलवाल्याचं काय? बंद करायचं बटण कुणाच्या हातात, मुंबईच्या, दिल्लीच्या की अमेरिकेतल्या एका माणसाच्या? त्या वेगवान इंटरनेटवर आमच्या गावच्या सभेला जागा आहे का? हे प्रश्न आपल्या आमदारांना, खासदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

जाता जाता आशियासॅटची राहिलेली गोष्ट. आशियासॅट-१ ची जागा घ्यायला डिसेंबर १९९७ मध्ये रशियन रॉकेटनं आशियासॅट-३ पाठवला. तोही वाटेत अडकला! पुन्हा विमावाल्यांच्या गळ्यात. या वेळी ह्यूजच्या इंजिनिअरांनी त्याला १९९८ मध्ये दोनदा चंद्राला वळसा घालून आणला आणि कामाच्या कक्षेत बसवला. चंद्रापर्यंत गेलेला तो पहिला व्यापारी उपग्रह. वाया गेलेली वस्तू वाचवायला धंदेवाल्यांनी चंद्राला फेरी मारली. आपण आपल्या गावची अर्ध्या तासाची बातमी वाचवायला नगरपालिकेपर्यंतही गेलो नाही. त्यात मीही आलो.

काकांच्या छत्रीचे काट्यावर जे पैसे झाले, त्यात गल्लीतल्या पोरांना भेळ झाली. मी फोटो काढून ठेवलाय, खाली टाकला आहे.

तुमच्या गल्लीत छत्री कधी बसली, पहिलं काय बघितलं, महिन्याला किती रुपये द्यायचे, ते खाली लिहा. आणि आमच्या लोकल बातम्यांची एखादी जुनी कॅसेट कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर सांगा. मी घ्यायला येतो.